क्लच कव्हरच्या आड

इटलीतल्या बोलोन्या शहराच्या कडेला बोर्गो पानिगाले नावाचं उपनगर आहे. डुकाटीच्या मोटारसायकली तिथे तयार होतात. १९९३ सालची मॉन्स्टर ९०० किंवा १९९४ सालची ९१६ अशी या कंपनीची त्या काळातली कुठलीही मोठी गाडी घ्या, न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि क्लच दाबा. उजव्या बाजूने असा खडखडाट सुरू होतो, की नवखा माणूस दचकून म्हणतो, ‘बंद करा, आत काहीतरी सुटलंय!’ क्लच सोडला की तोच आवाज बराच खाली येतो. काही सुटलेलं नसतं, बेअरिंगही गेलेलं नसतं. गाडी अशीच बोलते, आणि तिच्या मालकांचा या बोलण्यावर जीव जडलेला असतो. सिग्नलला थांबल्यावर मुद्दाम क्लच दाबून धरणारे कितीतरी असतात.

पुढे कंपनीने हा क्लच बदलला. नव्या गाड्यांतला क्लच तेलात फिरू लागला आणि खडखडाट गेला. तेव्हापासून एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: ओल्या क्लचचं कव्हर बदलून, कापून किंवा कोरून तो जुना आवाज परत आणता येईल का? त्याचं उत्तर नीट समजून घ्यायचं, तर आवाज जन्माला कुठे येतो आणि बाहेर कुठून पडतो, या दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. गाडीच्या आवाजाबद्दलचे बहुतेक गैरसमज त्या एकच मानल्यामुळे होतात.

आधी जन्म पाहू. क्लचचं काम सांगायला सोपं आहे. इंजिन फिरत राहावं आणि चाक मात्र थांबावं, यासाठी दोघांमधला सांधा हवा तेव्हा सोडवता आणि पुन्हा हळूहळू जोडता आला पाहिजे. मोटारसायकलमध्ये जागा कमी, म्हणून एका मोठ्या प्लेटऐवजी लहान प्लेटांची चळत लावतात: एक घर्षणाची, एक पोलादी, पुन्हा एक घर्षणाची, पुन्हा एक पोलादी. घर्षणाच्या प्लेटांना बाहेरच्या कडेला चौकोनी कान असतात. हे कान बास्केटच्या खाचांत बसतात आणि बास्केट इंजिनाबरोबर फिरते. पोलादी प्लेटांचे दाते आतल्या बाजूला असतात. ते मधल्या हबला धरून असतात आणि हब गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असतो. स्प्रिंगांनी प्रेशर प्लेट दाबून धरलेली असेपर्यंत ही सगळी चळत एकसंध ठोकळ्यासारखी फिरते. लिव्हर ओढली की दाब सुटतो आणि प्लेटा मोकळ्या होतात.

या मोकळेपणातच आवाजाचं मूळ आहे. प्लेटा खाचेत मागेपुढे सरकायला हव्यात, म्हणून कान आणि खाच यांच्यात फट ठेवावीच लागते. ती मिलिमीटरच्या काही दशांशांची असते. इंजिन एकसारख्या वेगाने फिरत असतं, तर एवढ्याशा फटीने काहीच बिघडलं नसतं. पण पिस्टनचं इंजिन कधीच एकसारखं फिरत नाही. डुकाटीचे दोन सिलिंडर एकमेकांशी ९० अंशांत असतात, त्यामुळे एका स्फोटापासून दुसऱ्यापर्यंत क्रँक २७० अंश फिरतो आणि तिथून पुढच्या स्फोटापर्यंत ४५० अंश. मिनिटाला ११०० फेऱ्यांवर गाडी उभी असेल, तर हे अंतर एकदा सुमारे ४१ सहस्रांश सेकंदाचं आणि एकदा ६८ सहस्रांश सेकंदाचं होतं. दर स्फोटाला क्रँक झटका खाऊन पुढे जातो आणि मग मंदावतो. त्याच्याबरोबर बास्केटही पुढे जाते आणि मंदावते. मोकळ्या प्लेटा आपल्या जडत्वामुळे मागे राहतात, खाचेच्या एका भिंतीवर आपटतात, मग दुसऱ्या भिंतीवर. धातू धातूवर, मध्ये काहीही नाही. प्रत्येक प्लेटचे सगळे कान हे करत असतात आणि तेही लंगड्या तालात. डुकाटीचा तो खडखडाट म्हणजे या हजारो बारीक टोल्यांची बेरीज.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण ती चाहत्यांना फारशी आवडत नाही. कान आपटून आपटून बास्केटच्या खाचांना खळगे पडतात. फट वाढते, टोला जोरात बसतो, आवाज चढतो. म्हणजे ज्या गाडीचा खडखडाट सर्वांत भारी, तिची बास्केट बहुधा सर्वांत जास्त झिजलेली असते. ‘माझी गाडी आता कशी मस्त वाजते’ असं कोणी म्हणालं, तर आधी खाचा तपासाव्यात. खोल खळग्यांत प्लेटा अडकू लागल्या की क्लच धक्के देऊन पकडतो आणि न्यूट्रल सापडेनासं होतं.

क्लच कोरडा आहे म्हणून वाजतो, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. बीएमडब्ल्यूने १९२३ साली आपली पहिली मोटारसायकल आर ३२ आणली, तेव्हापासून तिच्या आडव्या जुळ्या सिलिंडरांच्या गाड्यांत क्लच कोरडाच होता. २०१३ च्या आर १२०० जीएसमध्ये तो पहिल्यांदा ओला झाला. एवढी वर्षं कोरडा असूनही या गाड्या खडखडाटासाठी कधी ओळखल्या गेल्या नाहीत, कारण तो क्लच मोटारीच्या धर्तीचा, मोठ्या प्लेटचा आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधल्या जाड घरात बंद असलेला होता. तेव्हा खडखडाटाला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: प्लेटांची चळत, कानांची फट आणि मध्ये तेल नसणं. तो ऐकू येण्यासाठी चौथी गोष्ट लागते, ती म्हणजे पातळ किंवा उघडं कव्हर.

कोरडा क्लच मुळात शर्यतीचा. प्लेटांची झिजलेली पूड इंजिनाच्या तेलात मिसळत नाही, तेल घुसळण्यात ताकद वाया जात नाही आणि पिटमध्ये प्लेटा झटपट बदलता येतात. होंडाने १९८८ साली एनएसआर २५० आर एसपी ही टू-स्ट्रोक गाडी जपानी रस्त्यांसाठी काढली, तिलाही शर्यतीच्या गाडीसारखा कोरडा क्लच दिला होता. मोटोजीपीच्या गाड्यांत तो आजही असतो. टीव्हीवर पिट लेनमधून हळू निघणाऱ्या गाडीचा आवाज कान देऊन ऐकला, तर एक्झॉस्टच्या गुरगुरण्याखाली हा खडखडाट ओळखता येतो.

कोरड्या डुकाटीची रचना नीट पाहिली, की तिचं कव्हर कापायला इतकं सोपं का, हे कळतं. क्रँककडून फिरवला जाणारा मोठा प्राथमिक गिअर तेलातच असतो. त्याच्या बाहेर एक आतलं कव्हर आणि ऑइल सील असतं. बास्केट या सीलच्या बाहेरच्या बाजूला, गिअरला बोल्टने जोडलेली असते. सर्वांत बाहेरचं जे कव्हर आपल्याला दिसतं, त्याच्या आत तेलाचा थेंबही नसतो. त्याचं काम एवढंच, की पँटची कड किंवा बूट फिरत्या बास्केटला लागू नये आणि खडेधोंडे आत जाऊ नयेत. त्यामुळे मालकांनी त्याला खिडक्या पाडल्या, अर्धं कापलं, कार्बन फायबरचं केलं. क्लचला हवा लागते, तो थंड राहतो, हे कारण पुढे केलं जाई आणि त्यात तथ्यही आहे. पण खरा हेतू आवाज हाच होता, आणि फिरती प्रेशर प्लेट दिसावी हाही. किंमत म्हणून काळी पूड चाकावर आणि पायावर बसते.

डुकाटीच्या छोट्या गाड्यांत, उदाहरणार्थ मॉन्स्टर ६०० मध्ये, क्लच पहिल्यापासून ओलाच होता. मोठ्यांत बदल हळूहळू आला. २००८ ची ८४८, २०१० ची मल्टिस्ट्राडा १२००, २०११ ची मॉन्स्टर ११०० इव्हो आणि २०१२ ची ११९९ पानिगाले. शहरात थांबत-चालत जाताना कोरड्या प्लेटा लवकर तापतात आणि झिजतात, आणि लिव्हर ओढून मनगट भरून येतं. ओला क्लच हे दोन्ही सुसह्य करतो. युरोपातले आवाजाचे नियमही कडक होत गेले. एक्झॉस्टचा आवाज दाबत नेला, की आजवर त्याखाली झाकला गेलेला इंजिनाचा यांत्रिक आवाज मोजमापात वर येतो. अशा वेळी बाजूला खडखडणारा क्लच कंपनीला परवडण्यासारखा नसतो.

आता ओल्या क्लचकडे वळू. प्लेटा त्याच, कान तेच, फटही जवळपास तेवढीच. फरक तेलाचा. कान खाचेच्या भिंतीकडे झेपावतो, तेव्हा मधला तेलाचा पातळ थर त्याला पिळून बाहेर काढावा लागतो. तेल चिकट असतं, ते सहज हटत नाही. जितक्या वेगाने दाबावं तितका जास्त विरोध करतं. टोला बसायच्या आतच त्याचा जोर जिरतो. इथे आवाज कव्हरमागे लपून बसलेला नाही, तो तयारच होत नाही. कव्हर कितीही पातळ केलं, तरी आत नसलेला खडखडाट बाहेर येणार कसा?

हे तेल साधंही नसतं. इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच तेल पुरवायचं, तर ते बेअरिंगला निसरडं हवं पण प्लेटांना नको. त्यासाठी जपानी जॅसो मानकात एमए आणि एमए२ हे दर्जे आहेत, आणि ते डब्यावर छापलेले असतात. मोटारीसाठीची काही तेलं घर्षण कमी करणारी रसायनं घालून केलेली असतात. ती ओल्या क्लचच्या गाडीत ओतली की क्लच स्लिप मारायला लागतो. आवाज बदलण्यासाठी पातळ तेल घालून पाहण्याचा सल्लाही कानावर येतो. असला सल्ला मानू नये. आवाजात जो काही फरक पडेल, त्याची किंमत बेअरिंग मोजतात.

ओल्या क्लचचं कव्हर कापता येत नाही याचं पहिलं कारण उघड आहे. ते इंजिनाच्या तेलाची बाहेरची भिंत आहे. भोक पाडलं तर तेल बुटावर येईल आणि तिथून मागच्या टायरवर. वळणावर टायरला तेल लागलं तर काय होतं, हे सांगायला नको. दुसरं कारण कव्हर उघडून आतून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. बऱ्याच छोट्या, एका सिलिंडरच्या इंजिनांत या कव्हरच्याच पोटातून तेलाची वाट जाते आणि क्रँकच्या टोकाशी एका सीलमधून आत शिरते. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या बेअरिंगला तेल मिळतं ते याच वाटेने. काही गाड्यांत क्लच उचलणारा दांडा याच कव्हरमध्ये बसवलेला असतो, काहींत पाण्याचा पंप, काहींत ऑइल फिल्टर. बाहेरून गुळगुळीत दिसणारं हे झाकण आतून इंजिनाचा एक चालता भाग असतं. ग्राइंडर हातात घेण्याआधी त्याची आतली बाजू तरी एकदा पाहावी.

मग ओल्या क्लचच्या गाडीच्या उजव्या बाजूने जो आवाज येतो, तो कशाचा? इथे एक साधी परीक्षा उपयोगी पडते. गाडी गरम करून न्यूट्रलमध्ये उभी करावी, लिव्हर सोडलेली. क्लच जोडलेला असतो, त्यामुळे गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरत असतो आणि इंजिनाच्या झटक्यांनी त्यावरच्या दातांची किणकिण होत असते. आता लिव्हर दाबावी. शाफ्ट मंदावतो, किणकिण कमी होते. कोरड्या डुकाटीच्या बरोबर उलट! तिथे दाबल्यावर आवाज चढतो, इथे उतरतो. ओल्या क्लचच्या गाडीत लिव्हर दाबल्यावर आवाज वाढला, तर क्लचच्या बेअरिंगकडे किंवा बास्केटकडे लक्ष द्यायला हवं. सोडलेल्या लिव्हरवर ठसठशीत टकटक येत असेल आणि दाबल्यावर जात असेल, तर बास्केटच्या मागच्या धक्काशोषक स्प्रिंगा ढिल्या झाल्याची शक्यता असते. अनुभवी मेकॅनिक याच्याही पुढे जातो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कव्हरच्या एकेका बोल्टवर टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो, डोळे मिटतो. टोक दोन बोटं सरकवलं की आवाजाची जात बदलते, आणि तो बोट ठेवून सांगतो, ‘क्लच नाही, टायमिंग चेन आहे.’ त्याच्या या ऐकण्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तो आवाज बाहेर कुठून पडतोय हे न पाहता जन्माला कुठे येतोय, ते शोधत असतो.

आता बाहेर पडण्याची बाजू. इंजिनाच्या आतले टोले हवेतून कमी आणि धातूतून जास्त प्रवास करतात. बेअरिंगमधून केसमध्ये, केसमधून बोल्टांवाटे कव्हरमध्ये. केसचा भाग जाड, ताठ आणि वेडावाकडा असतो, तो फार थरथरत नाही. कव्हर मात्र काही मिलिमीटर जाडीचं, रुंद आणि बरंचसं सपाट असतं. तेच थरथरून हवेला ढकलतं. तबल्यावर एकच थाप मारा, एकदा पुडी मोकळी ठेवून आणि एकदा दुसऱ्या हाताचा तळवा तिच्यावर टेकवून. थाप तीच, नाद वेगळा. कव्हर बदलल्याने जो फरक पडतो तो या जातीचा. आतला टोला तोच राहतो, त्यातला कुठला स्वर मोठा होऊन बाहेर यावा आणि कुठला विरावा, एवढंच कव्हर ठरवतं.

कंपन्यांचे अभियंते नेमकं हेच जाणीवपूर्वक करतात. कव्हरच्या आतल्या बाजूला बरगड्या ओततात, म्हणजे पत्रा ताठ होतो आणि त्याच्या थरथरीची वारंवारता वर सरकते. सपाट भाग टाळून फुगीर आकार देतात. काही गाड्यांत कव्हरला आतून रबर आणि पोलादी पत्र्याची थाळी बोल्टने लावलेली असते. रबर थरथर खातं आणि तिची उष्णता करून टाकतं. काहींत बाहेरून प्लॅस्टिकचं दुसरं आवरण असतं, मध्ये मऊ पदार्थाचा थर. कव्हर बदलून आवाज ‘मोकळा’ करू पाहणारे बहुतेक वेळा हीच आतली थाळी किंवा बाहेरचं आवरण काढतात. फरक पडतो, खरंच पडतो. गिअरांची सूं ऐकू येते, बास्केटची कुरकुर ऐकू येते. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो आणि धातूची किणकिण नेमकी तिथलीच, म्हणून थोडा फरकही मोठा वाटतो. पण हा आवाज कोरड्या डुकाटीचा नव्हे. तो झिजलेल्या गाडीच्या आवाजाच्या जवळ जातो, असं माझं मत आहे.

पारदर्शक कव्हर हा दुसरा लोकप्रिय मार्ग. बाहेरून अॅल्युमिनियमची कडी, मध्ये पॉलिकार्बोनेट किंवा अॅक्रिलिकची जाड खिडकी, आत तेलाच्या तुषारांत फिरणारी रंगीत प्रेशर प्लेट. दिसायला देखणं, यात वाद नाही. आवाजाचं गणित मात्र गुंतागुंतीचं आहे. अॅल्युमिनियमची घनता घनमीटरला सुमारे २७०० किलो, पॉलिकार्बोनेटची सुमारे १२००. भिंत जितकी जड, तितका आवाज कमी आरपार जातो. वजन दुप्पट केलं तर ढोबळमानाने ६ डेसिबलचा फरक पडतो. या हिशेबाने प्लॅस्टिकमधून आवाज जास्त यायला हवा. पण प्लॅस्टिक धातूसारखं निनादत नाही. त्याला टिचकी मारली की आवाज लगेच मरतो, आणि खिडकी जाड ठेवली तर वजनातली तूटही भरून निघते. म्हणून पारदर्शक कव्हर लावल्यावर आवाज कमी-जास्त होण्यापेक्षा त्याचा पोत बदलतो, धातूची झणक जाऊन बोदा, जवळचा आवाज येतो. ज्यांना मोठा आवाज हवा असतो त्यांची निराशा होते, ज्यांना क्लच फिरताना पाहायचा असतो ते खूश होतात. जपायचं एवढंच, की पॉलिकार्बोनेटवर पेट्रोल किंवा थिनरचा बोळा फिरवू नये. त्याला जाळीसारख्या बारीक चिरा पडतात, आणि चिरा बोल्टच्या भोकांपाशी पोचल्या की गळती ठरलेली.

उलट्या दिशेनेही लोक जातात: आवाज दाबायला कव्हरच्या आत फोम किंवा मोटारींच्या दारात लावतात तसली डांबरी चटई चिकटवतात. कोरड्या जागी ही युक्ती चालते. शंभर अंशांच्या आसपास तापलेल्या तेलात गोंद टिकत नाही. तुकडे सुटतात, तळाशी जातात आणि पंपाच्या जाळीवर बसतात. मग तेलच चढत नाही.

कव्हर काढणं हे तसं अवघड काम नाही, पण त्यात कारागिरी दिसते. क्लच उजवीकडे असला, तर गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलती ठेवायची. तेल डाव्या बाजूला जमतं आणि बहुतेक गाड्यांत ते न काढताही कव्हर उघडता येतं. ८ नंबरचा टी-पाना घेऊन बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे असे ढिले करायचे. हे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात. जुने कारागीर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर कव्हरची आकृती काढतात आणि निघालेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यात त्याच्या जागी खुपसून ठेवतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर केसला चीर जाते, आखूड बोल्ट लांब जागी गेला तर दोन आट्यांवर लटकतो आणि पुढच्या वेळी आटेच घेऊन बाहेर येतो. जुनं पॅकिंग चिकटून बसलेलं असतं. ते स्क्रूड्रायव्हरने खरवडलं की पृष्ठभागावर ओरखडे राहतात आणि तिथून तेल पाझरतं. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरावी, वेळ लागला तरी चालेल. डॉवेल पिना आणि क्रँकजवळचं छोटं सील जागेवर आहे ना, हे कव्हर बसवण्याआधी बोटाने चाचपून पाहावं. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. अॅल्युमिनियमचे आटे याहून जास्त जोर सोसत नाहीत.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटवर हात चाललेल्यांना हे सगळं थोडं वेगळं वाटेल. तिथे क्लच डावीकडे, प्राथमिक चेनबरोबर एकाच तेलाच्या डब्यात, आणि बाहेरचं चेन कव्हर कडेने फिरणाऱ्या रबरी सीलवर मधल्या एकाच नटने आवळलेलं. नट जास्त आवळला की कव्हर वाकतं आणि कडेने तेल गळतं, ढिला ठेवला तरी गळतं. चेन सैल झाली की ती कव्हरला आतून घासते आणि डावीकडून फटफट येऊ लागते. बुलेटचा आवाज म्हणून काही जण त्याचंही कौतुक करतात. ती चेन ताणून घ्यायची वेळ झालेली असते.

खरा कोरडा खडखडाट हवाच असेल, तर एकच प्रामाणिक मार्ग उरतो, आणि तो कव्हर कोरण्याचा नाही. पूर्ण क्लचच बदलायचा. पानिगालेसारख्या गाड्यांसाठी ओल्याचा कोरडा करणारे संच मिळतात. त्यांत आतली नवी भिंत असते, प्राथमिक गिअर तिच्या आत तेलातच राहतो, फिरत्या भागाभोवती ऑइल सील येतं, आणि नवी बास्केट, हब व प्लेटा त्या सीलच्या बाहेर बसतात. म्हणजे जुन्या ९१६ ची रचना नव्या इंजिनावर पुन्हा उभी करायची. खर्च मोठा असतो, आणि सील बसवताना हलगर्जी झाली तर कोरड्या प्लेटांवर तेल येऊन क्लच निकामी होतो. कंपनीलाही या आवाजाची ओढ पुरती सोडता आली नाही. २०१९ ची पानिगाले व्ही४ आर ही शर्यतीच्या नियमांसाठी काढलेली गाडी तिने कोरड्या क्लचसह विकायला आणली. त्याच घराण्यातल्या साध्या व्ही४ ला मात्र क्लच ओलाच ठेवला.

आपल्याकडे या हौसेला कायद्याची चौकट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आवाजाची मर्यादाही ठरलेली आहे: ८० सीसीपर्यंतच्या दुचाकीला ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७ आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ८०. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली एआरएआय ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या करते. धावत्या गाडीच्या आवाजाची चाचणी मोकळ्या धावपट्टीवर होते. गाडीच्या मार्गापासून साडेसात मीटरवर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर मायक्रोफोन असतो, आणि गाडी पूर्ण थ्रॉटलने त्याच्यासमोरून जाते. मायक्रोफोनला एक्झॉस्ट कुठला, हवेचा शोष कुठला, टायर कुठला आणि क्लचचं कव्हर कुठलं हे कळत नाही. त्याला बेरीज कळते. कव्हरमधली रबरी थाळी काढली, की या बेरजेतला अभियंत्यांनी मोजूनमापून ठेवलेला एक आकडा आपण वाढवतो. पोलीस सायलेन्सर तपासतात, क्लच कव्हर कोणी उघडून पाहत नाही, हेही खरं. पण शेजारच्या घरात पहाटे झोपलेल्या माणसाचा कान मायक्रोफोनसारखाच बेरीज ऐकतो.

ज्याला आपल्या ओल्या क्लचच्या गाडीत तरीही काही करून पाहायचंच आहे, त्याने क्रम उलटा धरावा. आधी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून आतला आवाज निरोगी आहे ना, याची खात्री करावी. लिव्हर दाबून आणि सोडून फरक टिपून ठेवावा, हवं तर मोबाइलवर रेकॉर्ड करावा. मूळ कव्हर जपून बाजूला ठेवावं आणि प्रयोग दुसऱ्या, विकत आणलेल्या कव्हरवर करावा. तेलाची वाट आणि सील जसंच्या तसं हवं. नवं कव्हर बसवल्यावर गाडी दहा मिनिटं चालू ठेवून कडेने बोट फिरवावं, तेलाचा ओलावा कुठे लागतो का ते पाहावं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना तेलाची पातळी पुन्हा तपासावी. एवढं करून रेकॉर्डिंग जुळवून ऐकलं, की बहुतेकांच्या लक्षात येतं की फरक आपल्याला वाटला होता त्याहून लहान आहे.